हीटर गार हवा फेकत होता, दोष निघाला कूलंटमध्ये

गाडीचा हीटर फुल्ल गरमवर ठेवला तरी गार हवाच येत होती. इंजिन तापल्यावर हीटरकडे जाणारे दोन्ही होज (रबरी नळ्या) चाचपले. एक चटका देणारा, दुसरा जेमतेम कोमट. म्हणजे हीटर कोअरमधून (आत येणारी हवा तापवणारा छोटा रेडिएटर) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, नीट फिरतच नव्हतं.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. (गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.) पातळी बरीच खाली होती. होजच्या एका क्लिपपाशी वाळलेला हिरवट थर दिसला, गळती तिथेच. क्लिप बदलली, कूलंट भरलं आणि झाकण उघडंच ठेवून, हीटर गरमवर लावून इंजिन चालू केलं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) उघडताच अडकलेली हवा बुडबुड करत वर आली, पातळी झपकन उतरली. पुन्हा भरलं. आता दोन्ही होज सारखेच गरम लागतात, हवाही.