अरुंद रस्ता, अवजड गाडी: या चुका टाळा

साडेपाच मीटर रुंदीचं डांबर आणि समोरासमोर येणारे दोन ट्रक. प्रत्येकाची रुंदी साधारण अडीच मीटर. वजाबाकी केली तर उरतो अर्धा मीटर, आणि त्यात बाहेर आलेले आरसे अजून धरलेच नाहीत. तरी असे ट्रक रोज एकमेकांना ओलांडून जातात, कारण दोघेही वेग कमी करतात आणि दोघेही बाहेरचं चाक साइडपट्टीवर उतरवतात. ‘तो उतरवेल, मी कशाला?’ असं एकाच्याही मनात आलं की आरसा फुटतो. तेवढ्यावर निभावलं तर ‘थोडक्यात वाचलो’ म्हणायचं आणि पुढच्या वळणाला विसरून जायचं, ही आपली रीत.

मला त्या ‘थोडक्यात’मध्येच रस आहे. वाचलो ते किती मीटरने, आणि बाकीचे मीटर गेले कुठे? शोधायला बसलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: समोरची गाडी आपल्या गाडीसारखीच वागेल असं धरून चाललेलं असतं. कारवाल्याला ट्रक म्हणजे मोठी कार वाटते. ट्रकवाल्याला ट्रॅक्टर म्हणजे हळू चालणारा ट्रक वाटतो. दोन्ही समज महागात पडतात.

ओव्हरटेकचा हिशेब न करणं

पुढे 16 मीटर लांबीचा ट्रेलर ताशी 50 किलोमीटरने चाललाय. तुम्ही 70 ने त्याला काढायचं ठरवता. निघताना मागे 20 मीटर अंतर, ट्रेलर 16 मीटर, तुमची कार 4 मीटर, आणि परत आपल्या बाजूला येताना पुढे 20 मीटर. झाले 60. हे 60 मीटर तुम्हाला ताशी 20 किलोमीटरच्या फरकाने तोडायचे आहेत, म्हणजे जवळपास 11 सेकंद. तेवढ्या वेळात तुमची गाडी रस्त्यावर 210 मीटर पुढे सरकते. समोरून कोणी 70 ने येत असेल तर तोही 210 मीटर जवळ येतो. म्हणजे बाहेर पडण्याआधी समोर 420 मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. आडरस्त्यावर एवढी सरळ रेघ किती ठिकाणी मिळते, ते एकदा मुद्दाम मोजून पाहा. मी पाहिलं, तेव्हापासून माझे ओव्हरटेक निम्म्यावर आले.

यात मोठी चूक म्हणजे ट्रकच्या मागच्या फाळक्याला चिकटून चालणं. जवळ असलो की पटकन काढता येईल, असं वाटतं. प्रत्यक्षात जवळ गेल्यावर समोर फक्त फाळका दिसतो आणि रस्ता बघायला अर्धी गाडी बाहेर काढावी लागते. वीसेक मीटर मागे राहिलात तर तोच रस्ता आपसूक दिसू लागतो. शिवाय ट्रकचे दोन्ही आरसे तुम्हाला दिसत नसतील, तर ड्रायव्हरच्या लेखी तुम्ही त्या रस्त्यावर नाहीच.

कच्च्या रस्त्यावर धुळीचा आणखी एक फसवा प्रकार असतो. ट्रक गेला, धुरळा उडाला, आता रस्ता मोकळा, असं समजून लोक बाहेर पडतात. खडी-मुरमाचे डंपर एकापाठोपाठ चालतात आणि दुसरा त्याच धुरळ्यात असतो. धूळ खाली बसेपर्यंत थांबायला अर्धा मिनिट पुरतो.

आणि पुढच्या ड्रायव्हरने हात दाखवला म्हणून आंधळेपणाने निघू नका. त्याला पुढचा रस्ता दिसतो हे खरं, पण तुमच्या गाडीत किती माणसं आहेत आणि तिचा पिकअप कसा आहे, हे त्याला ठाऊक नसतं. इंडिकेटरचं तर विचारूच नका. मध्याकडचा दिवा कुणी ‘काढ’ म्हणून लावतो, कुणी ‘मी वळतोय’ म्हणून, आणि कुणाचा सकाळपासून तसाच राहिलेला असतो.

निम्म्यात गेल्यावर समोरून गाडी दिसली तर? ट्रेलरच्या मधल्या चाकांपर्यंत पोहोचला नसाल तर ब्रेक दाबून मागे या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. अडचण एवढीच की मागच्या उत्साही गाडीने तोवर तुमची जागा भरलेली असते. म्हणून पुढचा कुणी ओव्हरटेकला निघाला की त्याची जागा तशीच राहू द्या. ट्रकवाल्यानेही अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचलावा. अंगात येऊन वेग वाढवणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

डांबराची कड

पाण्याने साइडपट्टी खचते आणि डांबराला चार-सहा इंचांची पायरी तयार होते. चाक त्या पायरीवरून उतरलं की माणूस घाबरून स्टिअरिंग मध्याकडे ओढतो. टायर कडेला घासत राहतो, वर चढत नाही, म्हणून तो आणखी ओढतो. मग एकदम पकड मिळते आणि आधीच वळलेल्या चाकांनिशी गाडी थेट समोरच्या बाजूला झेपावते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ड्रायव्हरला झोप लागली. झोप लागलेली नसते, घाई झालेली असते.

चाक उतरलं तर ते काही वेळ खालीच राहू द्या. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक जोरात दाबू नका. वेग पुरेसा उतरला, समोर-मागे कुणी नाही हे पाहिलं, की मग हळू वर घ्या. पुढे मोरीचा कठडा आलाच, तर मात्र सरळ ब्रेक लावून त्याआधी थांबायचं.

भरलेल्या गाडीला पावसाळ्यातली साइडपट्टी म्हणजे वरून घट्ट दिसणारी दलदल. समोरच्याला जागा द्यायला बाहेर उतरण्यापेक्षा डांबरावरच थांबा आणि त्याला हळू जाऊ द्या. हलक्या गाडीने बाजू दिलेली बरी. कुणाचा हक्क आधी, हा वाद तिथे घालण्यात अर्थ नाही. पंधरा टनांखाली खचलेली माती वाद ऐकत नाही.

वळणावर कारचा वेग ट्रकला लावणं

भरलेल्या, उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 47 किलोमीटर वेग असेल तर बाहेर ढकलणारा जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे 35 टक्के होतो. कारमध्ये बसलेल्याला जरा कलल्यासारखं वाटेल, इतकंच. उंच भरलेला ट्रक मात्र तिथे उलटण्याच्या सीमेवर पोहोचलेला असतो. वाईट म्हणजे तो आधी इशारा देत नाही. आतलं मागचं चाक हवेत गेलं तरी केबिनमध्ये बसलेल्याला कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही.

अर्धवट भरलेला टँकर याहून चमत्कारिक. आतलं पाणी किंवा दूध वळणात बाहेरच्या अंगाला चढतं आणि गाडीलाही तिकडेच ओढतं. ब्रेक लावल्यावर तेच पुढे धावतं आणि थांबलेल्या गाडीला पुन्हा धक्का देतं. दुधाच्या टँकरमध्ये सफाईच्या सोयीसाठी आत आडव्या भिंती ठेवत नाहीत, त्यामुळे हा हेलकावा मोकाट असतो. अशा टँकरच्या पुढे घुसून कट मारणाऱ्याला आपण काय मागून घेतोय याची कल्पना नसते.

चौकात वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला दुचाकी घालणं ही चूक जीवघेणी आहे. 6 मीटर अंतराची चाकं असलेला ट्रक पुढचं चाक 12 मीटर त्रिज्येत फिरवतो तेव्हा मागचं चाक जवळपास 1.6 मीटर आत कापून जातं. मोकळी दिसणारी जागा मागच्या चाकासाठीच असते. वळण्याआधी ट्रक उलट बाजूला गेला, तर तो रस्ता सोडतोय असं समजू नका. तो वळायला जागा करून घेतोय. आणि ड्रायव्हरला क्लीनर साइडचं, म्हणजे डाव्या बाजूचं, दाराखालचं काही दिसत नाही.

ट्रॅक्टर: शेतातली सवय रस्त्यावर आणणं

ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचं वेगवेगळं. शेतात बांधाला वळताना ते कामाला येतं. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी खिटी लावायची असते. ती न लावता वेगात पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर जागेवर गर्रकन वळतो आणि मागची ट्रॉली त्याला उलटवते. पाच सेकंदांचं काम आहे, आणि मी पाहिलेल्या दहांपैकी आठ ट्रॅक्टरांवर ती खिटी गंजलेली असते.

दुसरी गोष्ट ट्रॉलीच्या वजनाची. मागची ट्रॉली बिनब्रेकची असेल तर सगळा भार एकटा ट्रॅक्टर थोपवतो. उतारावर ट्रॉली पुढे ढकलू लागते, हुकापाशी घडी पडते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. माल मागच्या टोकाला जास्त भरला तर हूक वर उचलला जातो, मागच्या चाकांवरचा दाब घटतो आणि ब्रेक लावूनही ट्रॅक्टर घसरत राहतो. हुकावरचा दाब उलटा जास्त झाला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ती ऐकत नाहीत. माल भरतानाच याचा निकाल लागतो.

अंधार

डिपवर लावलेल्या दिव्यांत साधारण 50 मीटर रस्ता नीट दिसतो. ताशी 60 वर, दीड सेकंदात पाय ब्रेकवर गेला असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर कार 45 मीटरमध्ये थांबते. 80 वर तेच अंतर 69 मीटर होतं. म्हणजे 80 ने जाणारा माणूस दिसणाऱ्या रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबतो, आणि रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी असेल तर तिच्या आत. भरलेला ट्रक 60 वरसुद्धा 60 मीटरच्या आत थांबेलच, असं नाही. एअर ब्रेकची हवा चाकापर्यंत पोहोचायलाच अर्धा सेकंद जातो.

बंद पडलेल्या गाडीमागे चार दगड ठेवून निघून जाणारे आणि गाडी निघाल्यावर ते दगड तसेच सोडणारे, दोघांवरही माझा राग आहे. परावर्तक त्रिकोण गाडीपासून किमान 50 मीटर मागे ठेवा. वळण किंवा चढ असेल तर त्याच्या अलीकडे, नाहीतर तो दिसेल तेव्हा गाडीही दिसेल.

ब्रेक: काय होतंय ते ओळखा

16 टनांचा ट्रक 100 मीटर उंचीचा घाट उतरतो तेव्हा जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात सुमारे 47 लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. हे सगळं ब्रेकच्या लायनरवर टाकलं तर ते तापतात आणि पकड सोडतात. पेडल दाबलं जातं, गाडी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक स्वतःहून काढून टाकणं. जळका वास आला तर सपाटीची वाट पाहू नका, जागा मिळेल तिथे थांबून ब्रेक निवू द्या. त्यावर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

हायड्रॉलिक ब्रेकच्या छोट्या गाडीवरून एअर ब्रेकच्या ट्रकवर आलेले ड्रायव्हर जुन्या सवयीने पेडल पंप करतात. तिथे त्याने दाब वाढायचा, इथे प्रत्येक पंपाला टाकीतली हवा बाहेर जाते. हवेच्या दाबाचा काटा खाली येतोय आणि बझर वाजतोय, तर एकदाच ठाम ब्रेक लावून गाडी बाजूला घ्या. हवा खूपच उतरली की मागचे स्प्रिंग ब्रेक, जे एरवी हवेच्या दाबानेच सुटलेले राहतात, आपोआप लागतात आणि गाडी जागेवर अडते. तो बिघाड नव्हे, तशीच रचना आहे. बोल्ट फिरवून ते सोडायचे आणि उतारावरून ‘गॅरेजपर्यंत’ न्यायचं, हा सल्ला देणारा प्रत्येक नाक्यावर भेटतो. त्याला गाडीत बसायला सांगा.

गळती शोधायची तर टाकी भरून इंजिन बंद करा आणि पेडल मिनिटभर दाबून धरा. सुरुवातीला काटा थोडा उतरेल, मग स्थिर राहायला हवा. उतरतच राहिला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील.

मागे घेताना, आणि वर तारा असताना

‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा माणूस गाडीच्या थेट मागे उभा राहतो. तो बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा हवा. आरशातून तो नाहीसा झाला की गाडी थांबलीच पाहिजे, मग तोंडाने काही का ओरडेना.

डंपरचा हौदा उचलताना वर पाहण्याची सवय फार कमी जणांना असते. हौदा तारेला लागला तर केबिनमध्येच बसा, शक्य असेल तर हौदा खाली घ्या किंवा गाडी दूर न्या, आणि बाकीच्यांना दहा मीटर लांब राहायला ओरडून सांगा. वीज गेल्यासारखी वाटली तरी उतरू नका, बंद पडलेली लाइन आपोआप पुन्हा चालू होऊ शकते. आग लागली तरच उडी मारायची: दोन्ही पाय जोडून, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी न शिवता. नंतरही पाय जुळवूनच, न उचलता सरकत लांब जायचं.

कलंडलेली गाडी ओढताना

खचलेल्या कडेला रुतून कललेल्या ट्रकभोवती पहिल्या पाच मिनिटांत दहा माणसं जमतात आणि त्यातली निम्मी खालच्या अंगाला उभी राहतात. आधी त्यांना हलवा. आतल्या माणसांनी वरच्या बाजूच्या दाराने उतरायचं. चाक फिरवत राहिलं तर ते आणखी खोल जातं. आडवा दोर बांधून ओढला तर जो ट्रक नुसता रुतला होता तो पालथा होतो. माल उतरवायला कंटाळा करू नका, आणि ओढायचं ते ज्या चाकोरीने गाडी आत गेली त्याच चाकोरीने, उलट दिशेला. ताणलेल्या साखळीच्या रेषेत आणि तिच्या लांबीच्या आवाक्यात कुणालाही उभं राहू देऊ नका. तुटलेली साखळी कुठल्या बाजूला येईल ते तिचं तिलाही माहीत नसतं.