बीपी मोजताना या चुका टाळा, विशेषतः सर्व्हेला जाणाऱ्यांनी

कम्युनिटी पोस्टिंगची बॅच आली की दरवर्षी तेच. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुली असोत की एमएस्सीचे थिसिसवाले, सगळ्यांचं म्हणणं एकच, बीपी काय, ते फर्स्ट इयरलाच झालं. मग गावात जाऊन धडाधड बीपी घेतात, एक्सेल भरतात, स्टॅटिस्टिक्सवाल्याला पैसे देऊन पी व्हॅल्यू (निकाल योगायोगाचा असू शकतो का ते सांगणारा आकडा) काढून आणतात आणि मूळ आकडाच चुकलेला असतो. तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते पाल्पेटरी (आधी नाडीवर बोटं ठेवून घेतलेला वरच्या बीपीचा अंदाज) न घेता डायरेक्ट स्टेथो लावणाऱ्यांवर. "मॅडम, खूप लाईन आहे, वेळ जातो." अगं किती जातो? मिनिटभर!

एकदा एका गावात देवळाच्या मंडपात कॅम्प होता. एक आजी आल्या, डोकं दुखतंय म्हणाल्या. आमच्या मुलीने कफ बांधला, सवयीप्रमाणे १६० पर्यंत फुगवला, हळूहळू सोडत आली, १४६ ला आवाज आला, ९२ ला बंद झाला. रजिस्टरमध्ये १४६/९२ आणि वर सल्ला, "आजी, थोडं वाढलंय, लोणचं-पापड कमी करा." मला आजींकडे बघून काही ते पटेना, म्हटलं परत घे आणि यावेळी आधी नाडीवर बोटं ठेव. १६० ला नाडी लागतेय, १८० ला लागतेय, पोरगी माझ्याकडे बघतेय, पार २०० च्या जवळ गेल्यावर कुठे नाडी गेली. मग वर फुगवून स्टेथोने ऐकलं तर पहिला ठोका २०४ ला, १७० च्या आसपास आवाज गायब आणि परत १४६ ला सुरू. म्हणजे मुलीने ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं, फक्त तिने फुगवणं थांबवलं ते नेमकं त्या मधल्या शांततेत. यालाच ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात, परीक्षेत सगळ्या लिहितात, पेशंटसमोर कुणाला आठवत नाही. वयस्कर आणि जुनं बीपी असलेल्या लोकांत हा सापडतो, आणि सर्व्हेत आपण नेमके तेच लोक शोधत असतो. आजींना त्याच दुपारी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

माझी पद्धत साधी आहे. रेडियलवर, म्हणजे मनगटाच्या नाडीवर, बोटं ठेवायची, अंगठा नाही, त्यात स्वतःचीच नाडी लागते. नाडी गेली तो आकडा लक्षात ठेवून हवा पूर्ण सोडायची, जरा थांबायचं, मग त्या आकड्याच्या ३० वर फुगवून स्टेथो लावायचा आणि सेकंदाला २-३ मिमीच्या (पाऱ्याच्या, बीपी त्यातच मोजतात) वेगाने सोडायचं. स्क्रू फर्रकन उघडला तर सिस्टोलिक (वरचा आकडा) कमी येतं आणि डायस्टोलिक (खालचा) जास्त, दोन्हीकडून नुकसान.

बाकीच्या चुका पटापट सांगते. ब्लाऊजच्या बाहीवर कफ बांधू नका, आणि शर्टाची घट्ट बाही वर सरकवून दंडाला आवळूही नका. स्टेथोचं तोंड कफखाली खोचू नका. हात लोंबकळत ठेवला तर बीपी जास्त येतं, हृदयापासून साधारण १३-१४ सेंमी खाली गेला की १० मिमी वाढले समजा, त्यामुळे टेबल नसेल तर स्वतःच्या हातावर त्यांचा हात धरा. जाड दंडाला लहान कफ लावाल तर खोटं हायपरटेन्शन तयार कराल. आत्ताच चहा, तंबाखू किंवा मिश्री झालेली असेल तर अर्धा तास थांबा, आणि मिश्रीचं मुद्दाम विचारा, बायका आपणहून सांगत नाहीत. फुगवताना "किती मुलं, नवरा काय करतो" हा फॉर्म भरत बसू नका, बोलताना बीपी वाढतं.

आता माझा दुसरा आवडता राग, शून्य. रजिस्टर उघडलं की १२०/८०, १३०/८०, ११०/७०, पानंच्या पानं. डायलवर रेघा २-२ मिमीच्या असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यातला एक असणार आणि खरं मोजलं असेल तर प्रत्येक अंक साधारण २० टक्के वेळा यायला हवा. कुणी १३५/८५ लिहिलं असेल तर ते हाताने मोजलेलंच नाही, पाचची रेघ त्या डायलवर नसतेच! याहून बेरकी प्रकार म्हणजे १३८ ची गर्दी. १४० लिहिलं की रेफरल चिठ्ठी भरावी लागते, आशाताईंना सांगावं लागतं, म्हणून १४० चा १३८ होतो. तुम्हाला दोन मिमी वाटतात, पण कटऑफच १४०/९० आहे, त्या दोन मिमीत गावचा हायपरटेन्शनचा टक्का फिरतो. मी थिसिस हातात आला की निष्कर्ष नंतर वाचते, आधी मास्टर चार्टमधले (सगळ्या नोंदींच्या तक्त्यातले) शेवटचे अंक मोजते. गाईडना हे आवडत नाही.

"मग डिजिटलच वापरू ना मॅडम?" सर्व्हेसाठी वापराच, व्हॅलिडेटेड (अचूकता तपासून प्रमाणित केलेलं) मशीन असेल तर माझा विरोध नाही, शून्याचा रोग तरी जातो. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानंतर पाऱ्याची यंत्रं तशीही चालली आहेत. पण नाडी अनियमित असेल तर डिजिटलचा भरवसा नसतो, तिथे १९०५ मध्ये कोरोत्कॉफने सांगितलेले आवाज कानानेच ऐकावे लागतात. आणि अॅनेरॉइड (पाऱ्याशिवायचं, काट्याच्या डायलचं) वापरणार असाल तर हवा नसताना काटा शून्यावर आहे का ते निघण्याआधी बघा, गावात पोचल्यावर नाही.

पोस्टिंगआधी मी दोघींना एका डबल स्टेथोवर (दोघींना एकदम ऐकता येतं असा) बसवते, एकाच पेशंटचं एकाच वेळी ऐकायचं, एकमेकींना न दाखवता लिहायचं. ४ मिमीपेक्षा जास्त फरक पडला की जोडी परत लॅबमध्ये. तोंडं वाकडी होतात, बस चुकते, चालतं.