गोचीड तापाचा रिपोर्ट निगेटिव्ह का येतो? नमुना घेताना या चुका टाळा

जुलैतली गोष्ट. सिन्नर तालुक्यातून एक दादा भर पावसात आमच्या प्रयोगशाळेत आले आणि रेनकोटच्या आतल्या खिशातून रक्ताची बाटली काढून टेबलावर ठेवली. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, दुसरं वेत, पाच दिवस ताप, दूध १८ लिटरवरून तीनवर आलेलं. बाटली उजेडात धरली. वरचा थर पिवळसर दिसायला हवा होता, तो डाळिंबाच्या रसासारखा लाल होता.

"दादा, रात्री कुठे ठेवली होती?"

"फ्रिजात, वर बर्फाच्या कप्प्यात. खराब होऊ नये म्हणून."

रक्ताचा बर्फ झाला की तांबड्या पेशी फुटतात. ज्या पेशींच्या पोटात आम्ही परजीवी शोधतो, त्या पेशीच शिल्लक नव्हत्या. काळजीपोटीच केलं होतं त्यांनी, आणि आता पुन्हा गावी जाऊन रक्त काढायला सांगावं लागणार होतं. गाय मात्र तेवढी वाट पाहत नाही.

इतकी वर्षं नाशिकमध्ये रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना दिसलं ते असं, की नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा आमच्या टेबलावर येण्याआधीच. म्हणून हे पशुपालकांसाठी आहे, आणि गोठ्यावर जाणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांसाठीही.

आधी इंजेक्शन, मग रक्त

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. ताप दिसला की ऑक्सिटेट्रासायक्लिन, लघवी लाल दिसली की डायमिनाझिन, गाठी सुजल्या की बुपारव्हाक्वोन. दोन दिवसांत फरक पडला नाही की मग "रक्त तपासून आणा". तोवर टेट्रासायक्लिनने अ‍ॅनाप्लाझ्मा हा गोचिडीतून येणारा जिवाणू दबलेला असतो, डायमिनाझिनने बबेसिया हा तांबड्या पेशींतला परजीवी रक्तातून जवळजवळ नाहीसा झालेला असतो. काचपट्टीवर काही सापडत नाही, आणि गाय तर आजारीच. मग प्रयोगशाळेवरचा विश्वास उडतो.

उपचार थांबवा असं माझं म्हणणं नाही. १०५ ताप असलेल्या गाईला रिपोर्टची वाट बघायला लावणं चूकच. पण सुई टोचायच्या आधी दोन मिनिटं काढून दोन काचपट्ट्या आणि एक बाटली रक्त घेता येतं. औषध त्यानंतर लगेच द्या.

आणि औषध दिलं असेल तर सांगा. "इंजेक्शन काय दिलंय?" या प्रश्नाला "फक्त तापाचं" हे उत्तर आम्ही रोज ऐकतो. कुणी रागावेल म्हणून लपवलं जातं, किंवा गावातल्या कुणी काय टोचलं ते मालकालाच ठाऊक नसतं. रिकामी बाटली उकिरड्यावर पडली असेल तर तिचा फोटो काढून आणा. त्यावरून निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ बदलतो.

गाठ सुजली असताना फक्त रक्तच पाठवणं

हा मुद्दा मला सविस्तर सांगायचा आहे, कारण यात वाचू शकणाऱ्या गाई हातच्या जातात.

आपल्याकडे ज्याला गोचीड ताप म्हणतात तो मुख्यतः थायलेरियाचा. थायलेरिया अ‍ॅन्युलाटा हा परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडीतून जनावरात उतरतो, पण थेट तांबड्या पेशींत जात नाही. आधी तो पांढऱ्या पेशींत, लसिका गाठींत वाढतो. खांद्याच्या पुढची गाठ लिंबाएवढी, कधी पेरूएवढी होते, ताप चढतो, डोळ्यांतून पाणी येतं, ठसका लागतो. या दिवसांत कानाच्या रक्ताची पट्टी पूर्ण स्वच्छ दिसू शकते. तांबड्या पेशींत अंगठीसारखे बारीक ठिपके दिसायला लागतात ते पुढे, आणि तोवर गाय रक्तहीन व्हायला लागलेली असते.

म्हणून सुजलेल्या गाठीतला द्रव घ्यावा. हे काम पशुवैद्यकाचंच. केस कापून, स्पिरिटने पुसून, गाठ डाव्या हाताच्या बोटांत घट्ट धरायची, १८ किंवा २० नंबरची सुई आत घालून थोडी मागेपुढे करायची, सिरिंज हलकेच ओढायची. सुईच्या पोकळीत जेमतेम थेंबभर माल येतो, तेवढा पुरे. तो हवेच्या दाबाने काचपट्टीवर सोडून हलक्या हाताने पसरायचा. दाबून घासला की पेशी फुटून नुसता जांभळा चिखल उरतो. नीट झालेल्या पट्टीवर पांढऱ्या पेशीच्या आत निळसर गोळा आणि त्यात जांभळे-लाल दाणे दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी ते पाहिले म्हणून त्यांना कॉखचे निळे गोळे म्हणतात. हा गोळा एकदा दिसला की शंका राहत नाही, आणि बुपारव्हाक्वोनचा खरा उपयोग होतो तो याच टप्प्यावर.

काचपट्टी आणि बाटली

बॉक्समधली नवी कोरी काचही तेलकट असते. स्पिरिटने पुसून कोरडी करा, नाहीतर रक्ताच्या पट्टीत भोकं पडतात. कानाची कड पुसल्यावर स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटमध्ये पेशी फुटतात. पहिला थेंब पुसून टाका, दुसरा घ्या. पट्टी जिभेच्या आकाराची, शेवटाकडे पातळ होत गेलेली हवी. जाड थरात आम्हाला काही वाचता येत नाही.

पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाण्याकडून येणाऱ्या पट्ट्यांचा एक वेगळाच त्रास असतो. हवेत इतका दमटपणा असतो की रक्त सावकाश वाळतं. पेशी आक्रसतात, त्यांच्यात चकचकीत ठिपके दिसतात, आणि नवख्या डोळ्याला ते परजीवीच वाटतात. पट्टी ओढली की लगेच हवेत हलवून वाळवा. त्यानंतर ती झाकूनच ठेवा, कारण न रंगवलेलं रक्त माश्या आणि झुरळं खातात. अर्धी चाटून गेलेली पट्टी मी अनेकदा पाहिली आहे.

नाव पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते, आणि मग तीन गाईंच्या तीन पट्ट्यांतली कुठली कुणाची हे देवालाच ठाऊक. काचेला खरखरीत कड नसेल तर वाळलेल्या रक्ताच्या जाड भागावरच पेन्सिलीने कोरा. "लाल गाय" असं लिहू नका, कानातल्या बिल्ल्याच्या १२ आकड्यांपैकी निदान शेवटचे चार लिहा.

बाटली जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीएची (रक्त साकळू न देणारं रसायन). खुणेपर्यंत भरा. दोन मिलीच्या बाटलीत अर्धा मिली रक्त घातलं की जास्तीच्या ईडीटीएने पेशी आकसतात. भरल्यावर आठ-दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करा, सरबतासारखी हलवू नका. ठेवायची ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. प्रवासात बर्फाची पिशवी कापडात गुंडाळा, थेट बाटलीला लागू देऊ नका. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला नमुना मालेगावहून नाशिकला येईपर्यंत कामातून जातो. बाटली पाठवत असलात तरी पट्टी गोठ्यातच करून ठेवा, शिळ्या रक्ताची पट्टी ताज्यासारखी कधीच होत नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. शवविच्छेदनाच्या नमुन्यांची फॉर्मेलिनची बरणी आणि रक्ताच्या पट्ट्या एका पिशवीत ठेवू नका. फॉर्मेलिनची नुसती वाफ लागली तरी पट्टी रंगवायचा जिम्सा रंग नीट चढत नाही.

रंगवताना आणि बघताना

हा भाग आमच्या लोकांसाठी. स्थिरीकरणाला, म्हणजे पेशी काचेवर पक्क्या करायला, मिथेनॉलच हवं. ट्रेमधलं स्पिरिट चालत नाही, आणि पावसाळ्यात झाकण उघडं राहून पाणी शोषलेलं मिथेनॉलही चालत नाही. जिम्साचं पाणी ७.२ पीएचचं ठेवा. बोअरचं पाणी वापरलं की सगळी पट्टी निळी होते. एकास दहा प्रमाणात पातळ केलेला रंग दरवेळी नवा करा, कालचा उरलेला वापरला की रंगाचे कण पेशींवर बसतात.

त्या कणांमुळे एकदा मी स्वतः अ‍ॅनाप्लाझ्मा लिहून बसलो होतो. वरिष्ठांनी पट्टी मागवून बारीक स्क्रू फिरवायला सांगितला. पेशी स्पष्ट दिसत होती तेव्हा ठिपका धूसर, ठिपका स्पष्ट झाला की पेशी धूसर. ठिपका पेशीच्या आत नव्हता, वर बसलेला होता. खरा अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल पेशीच्या कडेला, गर्द, गोल आणि पेशीच्याच पातळीवर दिसतो. रक्तक्षय झालेल्या गाईत हॉवेल-जॉली कणही (तांबड्या पेशीत उरलेले केंद्रकाचे अवशेष) असेच गोल दिसतात, त्यांच्याशी गल्लत करू नका. शंभरच्या भिंगाखाली तेल घालून पातळ शेपटीकडची निदान शंभर क्षेत्रं पाहा. बबेसियाच्या नासपतीच्या आकाराच्या जोड्या दिसल्या म्हणून तिथेच थांबू नका. एकाच गाईत थायलेरिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा एकत्र निघतात, आणि अ‍ॅनाप्लाझ्मा हा जिवाणू असल्यामुळे त्याचं औषध वेगळं.

लाल लघवी म्हणजे बबेसियाच, असं नाही

व्यायल्यानंतर दोन-चार आठवड्यांत म्हशीची लघवी कॉफीसारखी झाली आणि ताप नसेल, तर स्फुरद कमी पडल्याचा संशय आधी घ्यावा. ताप मोजल्याशिवाय नमुना पाठवू नका, तो आकडा नमुन्यासोबतच्या अर्जावर लिहा.

रिपोर्टचा अर्थ लावताना

काचपट्टी निगेटिव्ह म्हणजे त्या थेंबात दिसलं नाही, एवढंच. परजीवी थोडे असतील तर सूक्ष्मदर्शकाला चकवतात. तिथे पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) कामाला येतो. पण त्यासाठी हेपरिनचं (रक्त साकळू न देणारं दुसरं रसायन) रक्त देऊ नका, हेपरिन पीसीआरची क्रियाच अडवतं.

उलटी चूकही होते. एलायझा या रक्तचाचणीत प्रतिपिंडं सापडली म्हणजे आजच आजार आहे असं नाही, पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाचीही ती खूण असते. पीसीआर पॉझिटिव्ह आलेली देशी डांगी गाय रवंथ करत उभी असेल तर ती बहुधा नुसती वाहक असते. तिच्यावर औषधाचा खर्च करण्याआधी तिच्या शेजारी बांधलेल्या संकरित कालवडीकडे आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटींकडे बघा. हायलोमा गोचीड तिथेच लपते.

त्याच ईडीटीए बाटलीतून पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) काढून मागा. निरोगी गाईत तो २४ ते ४६ टक्क्यांच्या दरम्यान असतो. परजीवी सापडला नाही, पण पीसीव्ही १४ आला आणि पापणीची आतली बाजू पांढरी पडली असेल, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी फोन करा.

सिन्नरच्या दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यकांकडून गाठीतल्या द्रवाच्या दोन पट्ट्या करून आणल्या, जुन्या वहीच्या कागदात एकेक वेगळी गुंडाळून, पेन्सिलीने बिल्ला नंबर लिहून. दुसऱ्याच पट्टीवर निळे गोळे दिसले. अकरा वाजता त्यांच्या पशुवैद्यकांना फोन केला, दुपारपर्यंत गाईला औषध मिळालं.