सकुलंटने मान टाकली? पाणी घालायच्या आधी या चुका टाळा

सकुलंटचं, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाचं, पान सुरकुतलं की हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो आणि तिथेच घात होतो. मुळं कुजली असली तरी पानं अगदी तशीच सुरकुततात, कारण माती ओली असते पण पाणी ओढून घ्यायला खाली मुळंच उरलेली नसतात. माझं एकेव्हेरिया (गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेलं सकुलंट) असंच गेलं, बिचारं तहानलंय म्हणून मी घालत राहिले आणि एक दिवस कुंडी पुसताना जरा धक्का लागला तर अख्खं झाड हातात, खाली खोडाच्या जागी काळा चिखल.

तर आधी पान दाबून बघा. तहानलेलं पान पातळ पडतं, वाकतं पण फुटत नाही. पाणी जास्त झालेलं पान पिवळट, काचेसारखं आरपार, लिबलिबीत, हात लागला तरी गळतं. (सगळ्यात खालची एकदोन पानं वाळून कागद होतात ते नॉर्मल आहे हां, त्यावरून लगेच रिपॉटिंग, म्हणजे कुंडी-माती बदलणं, काढू नका.) तरी शंका असेल तर सरळ कुंडीतून काढून मुळं बघायची. टणक असतील तर ठीक, मऊ होऊन वास येत असेल तर सडलीयत.

सड निघाली की लोक कापताना हात आखडतात. खोड वरवर छाटायचं, आत तपकिरी ठिपका दिसतोय तरी चालेल म्हणायचं... नाही चालत, सड पुन्हा वर चढते. काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत थोडं थोडं कापत वर जा, दर कापाला ब्लेड स्पिरिटने पुसून. मग तो शेंडा लगेच मातीत खोचू नका, सावलीत चार-पाच दिवस उघडा ठेवा, जखम सुकून वर खपली धरली पाहिजे. खोड पूर्णच गेलं असेल तर चांगली पानं बुडापासून अख्खी काढून कोरड्या मातीवर नुसती ठेवायची, एकेव्हेरिया आणि जेडला त्यातून पिल्लं फुटतात. एओनियम या सकुलंटला मात्र पानावर भरवसा नको.

मातीत निम्मं तरी परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) किंवा जाडी वाळू हवी, आणि तळाशी खडे घालून ड्रेनेज सुधारतं हा गैरसमज, पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडकून बसतं. तळाला भोक हवंच. कुंडी मुळांपेक्षा जेमतेम मोठी. खत आत्ता अजिबात नाही, आजारी झाडाला ते झेपत नाही.

अजून एक, अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड एकदम कडक उन्हात नेलं तर भाजतं आणि तो डाग त्या पानावर कायमचा. आठ-दहा दिवसांत हळूहळू ऊन वाढवा. उजेडासाठी लांबुडकं झालेलं खोड परत आखूड होत नाही, शेंडा कापूनच लावावा लागतो.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर मिलीबग, म्हणजे रस शोषणारी पिठ्या ढेकूण कीड. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने टिपा, आणि एकदा करून निर्धास्त होऊ नका, दर आठवड्याला बघा, मुळांतही लपतात मेले.

आणि पाणी वार बघून घालू नका. कुंडी उचलून बघा, ओली किती जड आणि कोरडी किती हलकी लागते हे दोनतीनदा केलं की हाताला कळायला लागतं.