वर्गातल्या प्रत्येक मुलाला झेपेल असं शिकवायचं कसं?

आधी एक सांगते, प्रत्येक मुलासाठी वेगळा पाठ काढत बसू नका, भरलेल्या वर्गात ते कोणालाच जमत नाही आणि त्याची गरजही नसते. शिकायचं काय ते सगळ्यांना सेमच ठेवायचं, बदलायची ती मदत.

आता मदत कोणती द्यायची हे मार्कांवरून कळत नाही, चुकीवरून कळतं. म्हणजे बघा, 52 वजा 38 दिलं, एकाने 26 लिहिलं, दुसऱ्याने 24. मार्क दोघांनाही शून्य. पण पहिल्याने 2 मधून 8 जात नाहीत म्हणून सरळ उलटं करून 8 मधून 2 काढले, त्याला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच कळलेलं नाहीये, त्याच्या हातात काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या द्या आणि स्वतः सोडायला लावा. दुसऱ्याने दशक सुटा केलाय, फक्त 5 चे 4 करायचे राहिले, त्याला परत पहिल्यापासून शिकवाल तर तो कंटाळेल, नुसतं विचारा, एक दशक दिलास तर उरले किती? आणि एखादं मूल आकडेमोड बरोबर करतं पण शाब्दिक उदाहरणात अडतं, तिथे बऱ्याचदा वाचन कच्चं असतं, त्याला एकदा उदाहरण वाचून दाखवा, मग बघा.

हे रोज कळण्यासाठी तासाची शेवटची पाच मिनिटं ठेवा, एकच प्रश्न, उत्तर चिठ्ठीवर. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: जमलं, थोडं अडलं, अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी बाकीचे सराव करतात तेवढ्यात तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांजवळ जाऊन बसा. गट मात्र बदलत ठेवा प्लीज, कायमचे केले की 'ढ' गट कोणता ते मुलांना लगेच कळतं आणि ती प्रयत्नच सोडतात, फार वाईट वाटतं बघून.

ज्यांना जमलं त्यांना तसलीच अजून दहा गणितं देणं म्हणजे शिक्षाच झाली, त्यापेक्षा दशक सुटा न करता 52 वजा 38 चं उत्तर काढ म्हणा (38 पासून 40 पर्यंत 2, पुढे 52 पर्यंत 12, झाले 14).

आणि 'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' अशी वाटणी नको. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं, तसं वाटून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. चित्र, बोलणं, हाताने करणं सगळ्यांनाच द्या. पण एखाद्याला फळाच नीट दिसत नसेल किंवा ऐकू कमी येत असेल तर ती गोष्ट वेगळी, त्याला लगेच पुढे बसवा आणि पालकांना तपासणी करून घ्यायला सांगा.