कॅशेवर इटरेटर फिरवताना या चुका टाळा

कॅशे म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवणारा तात्पुरता साठा, आणि इटरेटर म्हणजे त्यातल्या नोंदी एकेक करून देणारा ऑब्जेक्ट. केळीचे भाव दाखवणारं एखादं ॲप घ्या. रावेर, सावदा, चोपडा, यावल ही बाजारांची नावं म्हणजे ‘की’ (नोंद शोधण्याची खूण), त्या बाजारातला क्विंटलचा भाव म्हणजे व्हॅल्यू, आणि १५ मिनिटांहून जुनी नोंद शिळी धरायची. जावामध्ये असा कॅशे लिहायचा तर पहिला हात हॅशमॅपकडेच (की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारी रचना) जातो. एक भाव ठेवणं किंवा वाचणं सोपं असतं. गडबड होते ती सगळ्या नोंदींवरून फेरी मारताना, कारण फेरी चालू असतानाही कॅशेतल्या नोंदी येत-जात असतात.

फेरी चालू असताना मॅपमधून थेट काढणं

फॉर-ईच लूपमध्ये शिळी नोंद दिसली की तिथेच मॅपची रिमूव्ह मेथड वापरणं ही सर्रास होणारी चूक. फॉर-ईच आतून इटरेटरच वापरतो. मॅपची रचना किती वेळा बदलली याचा आकडा, म्हणजे मॉडकाउंट, इटरेटर सुरुवातीलाच टिपून ठेवतो. पुढची नोंद देणाऱ्या नेक्स्ट मेथडच्या वेळी आकडा जुळला नाही की कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येतं. ते दिसल्याबरोबर दुसरा थ्रेड (समांतर चालणारं काम) शोधायला लागू नका. एकाच थ्रेडमध्येही ते येतं. शिवाय स्टॅक ट्रेस (चूक कुठे झाली ते दाखवणारी यादी) नेक्स्टची ओळ दाखवतो, पण खरी दोषी ओळ लूपच्या आत आधीच चालून गेलेली असते. तिथून वर वाचत जा.

एक्सेप्शन आलं तर निदान चूक कळते. ते दरवेळी येत नाही, हे जास्त घातक आहे. काढलेली नोंद फेरीतली शेवटची असेल तर हॅजनेक्स्ट (पुढे नोंद आहे का ते सांगणारी मेथड) फॉल्स देतं आणि लूप शांतपणे संपतो. ॲरेलिस्टमध्ये (क्रमाने नोंदी ठेवणारी यादी) तर शेवटून दुसरी नोंद काढली की इटरेटरचा कर्सर आणि यादीचा साइज सारखे होतात, लूप थांबतो आणि शेवटची नोंद तपासायची राहूनच जाते. म्हणून टेस्टमध्ये किमान ३ नोंदी ठेवा आणि शिळी नोंद फेरीत आधी पहिली, मग मधली, मग शेवटची येईल अशा तिन्ही तऱ्हा चालवा.

उपाय साधा आहे: एंट्रीसेटवर (सगळ्या की-व्हॅल्यू जोड्यांचा संच) रिमूव्हइफ वापरा (जावा ८ पासून आहे), नाहीतर इटरेटरचीच रिमूव्ह मेथड वापरा. एका नेक्स्टनंतर ती एकदाच चालते. दुसऱ्यांदा बोलावली तर इलीगलस्टेटएक्सेप्शन येतं.

नुसतं गेट केलं तरी मॅप बदलतो

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. बऱ्याच दिवसांत न वापरलेली नोंद आधी बाहेर काढणारा एलआरयू कॅशे लिंक्डहॅशमॅपने (नोंदींचा क्रम जपणारा हॅशमॅप) सहज होतो: कन्स्ट्रक्टरला १६, ०.७५ आणि ट्रू द्यायचं आणि रिमूव्हएल्डेस्टएंट्री ओव्हरराइड करायची. ते ट्रू म्हणजे ॲक्सेस-ऑर्डर, नोंदी शेवटच्या वापराच्या क्रमाने ठेवणं. आता प्रत्येक गेट (कीवरून व्हॅल्यू वाचणं) त्या नोंदीला रांगेच्या शेवटी नेऊन ठेवतं, आणि हे हलवणं मॉडकाउंटमध्ये मोजलं जातं.

रावेर, सावदा, चोपडा या क्रमाने ३ नोंदी टाका. मॉडकाउंट ३ झाला. कीसेटवर (फक्त कींचा संच) इटरेटर घ्या. त्याने ३ टिपले. पहिल्या नेक्स्टला रावेर मिळालं. आता भाव पाहायला गेट केलं की रावेर शेवटी गेलं आणि मॉडकाउंट ४ झाला. दुसऱ्या नेक्स्टला एक्सेप्शन. कोडमध्ये कुठेही पुट नाही, रिमूव्ह नाही, म्हणून नजर त्या गेटवरून नुसती सरकत राहते. कॅशेत एकच नोंद असेल तर ती आधीच शेवटी असते, हलत नाही, आणि टेस्ट पास होते.

कीसेटवर फिरून गेट करण्याऐवजी एंट्रीसेटवर फिरा आणि एंट्रीची गेटव्हॅल्यू वापरा. त्याने क्रम बदलत नाही, आणि कीवरून पुन्हा शोधही घ्यावा लागत नाही.

याच कारणामुळे अशा कॅशेला रीड-राइट लॉक (एका वेळी अनेकांना वाचू देणारा, पण लिहू एकालाच देणारा) लावून गेटसाठी फक्त रीड लॉक घेणं चुकीचं आहे. इथे गेट म्हणजे लेखनच; दोन थ्रेडनी ते एकाच वेळी केलं तर आतल्या कड्या बिघडू शकतात. कलेक्शन्सच्या सिंक्रोनाइज्डमॅपमध्ये गुंडाळलंत तरी संपूर्ण फेरी सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्येच (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा) घ्यावी लागते, आणि लॉक मॅपवर घ्यायचा, कीसेटवर नव्हे.

कॉन्करंटहॅशमॅप घेतला म्हणजे सुटलो, असं नाही

अनेक थ्रेडसाठी बनवलेल्या या मॅपचा इटरेटर कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन देत नाही, हे खरं. पण फेरी चालू असताना आलेली नवी नोंद त्यात दिसेलच असं नसतं. त्यामुळे त्यावरून काढलेली बेरीज किंवा सरासरी कोणत्याही एका क्षणाची नसते. सगळ्या नोंदी नव्या लिस्टमध्ये उतरवून घेतल्या तरी हाच दोष राहतो, कारण उतरवून घेणं हीही एक फेरीच.

साफसफाईत आणखी एक छुपा धोका आहे. तुमच्या फेरीने सावद्याची नोंद शिळी ठरवली. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने ताजा भाव टाकला. आणि मग तुमच्या इटरेटरच्या रिमूव्हने ताजाच भाव उडवला, कारण ते कीवरून काढतं. यासाठी की आणि जुनी व्हॅल्यू असे दोन्ही घेणारं रिमूव्ह वापरा. व्हॅल्यू बदलली असेल तर ते हातच लावत नाही. मात्र व्हॅल्यूचा ऑब्जेक्ट न बदलणारा ठेवा आणि भाव आला की नवा ऑब्जेक्ट टाका. जुन्याच ऑब्जेक्टमध्ये आकडा बदललात तर ही तुलना फसते.

कीसेट घेऊन मागाहून गेट करणाऱ्यांनी नल (व्हॅल्यूच नाही) मिळेल हे धरूनच चालायचं. मधल्या वेळेत नोंद संपलेली असू शकते, आणि इंटिजर थेट इंटमध्ये घेतला की नलपॉइंटरएक्सेप्शन. जेकॅशे या जावाच्या प्रमाणित कॅशे एपीआयमधल्या इटरेटरचं नेक्स्टसुद्धा नल देऊ शकतं. तसं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं आहे.

स्वतःचा इटरेटर लिहिताना

शिळ्या नोंदी वगळणारा इटरेटर लिहायचा असेल तर मुदत हॅजनेक्स्टमध्ये एकदा आणि नेक्स्टमध्ये पुन्हा तपासू नका. हॅजनेक्स्टने हो म्हटलं आणि पुढच्याच मिलिसेकंदाला मुदत संपली तर नेक्स्टकडे द्यायला काही उरत नाही. पुढची ताजी नोंद आधीच शोधून एका फील्डमध्ये धरा. हॅजनेक्स्टने ते फील्ड रिकामं आहे का एवढंच सांगायचं, नेक्स्टने ती नोंद देऊन फील्ड पुन्हा भरायचं. हॅजनेक्स्ट लागोपाठ कितीदाही बोलावलं तरी एकही नोंद निसटता कामा नये.

कॅशे रेडिसमध्ये (वेगळ्या सर्व्हरवर चालणारा की-व्हॅल्यू साठा) असेल तर कीज कमांडने फेरी मारू नका. ती पूर्ण होईपर्यंत बाकीच्या कमांड अडून राहतात. कीज थोड्याथोड्या करून देणारी स्कॅन वापरा. तिचा काउंट (एका घासात किती) मुळात १० असतो आणि तोही फक्त अंदाज. एखादा घास रिकामा आला म्हणजे फेरी संपली असं नाही; कर्सर (पुढे कुठून सुरू करायचं तो आकडा) ० परत आला की संपली. तीच की दोनदा येऊ शकते, तेव्हा बेरीज करण्याआधी कीज सेटमध्ये टाकून घ्या.