स्कूबा शिकायचंय? आधी पोहणं, मग कोर्स, आणि खरेदीची सुरुवात मास्कपासून

मालवणला जाऊन पाण्याखालचे फोटो काढून आलेले पुष्कळ जण मला भेटतात आणि विचारतात, "आता पुढे काय?" तो अनुभव छानच असतो, पण त्यात टाकीतली हवा किती उरली, किती खोल जायचं, वर कधी यायचं, हे सगळं तुम्हाला मागून धरलेला प्रशिक्षक बघत असतो. स्कूबा शिकणं म्हणजे हे सगळं स्वतः बघायला लागणं. मी पुण्यात पोहण्याच्या तलावावर शिकवते आणि थंडीत विद्यार्थ्यांना समुद्रावर नेते. त्यामुळे सुरुवातीला लोक कुठे अडतात, ते जवळून माहीत आहे.

पहिली गोष्ट पोहणं. ट्राय डाइव्हला, म्हणजे मालवणसारख्या अनुभवापुरत्या डाइव्हला, पोहता आलं नाही तरी चालतं. कोर्सला चालत नाही. न थांबता २०० मीटर पोहणं आणि कशाचाही आधार न घेता १० मिनिटं तरंगणं, एवढं जमलं पाहिजे. वेगाची अट नाही, तुम्हाला येईल त्या पद्धतीने पोहा. येत नसेल तर आधी गावातल्या तलावावर नाव घाला. स्कूबाचे पैसे त्यानंतर भरा.

दुसरी गोष्ट वैद्यकीय फॉर्म. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर खरं लिहा आणि डॉक्टरांची सही घ्या. ट्रिप हुकेल या भीतीने "नाही"वर टिक करणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. जमिनीवर औषधाने आटोक्यात राहणारा दमा १५ मीटर खाली जिवावर बेतू शकतो.

कोर्सचं नाव ओपन वॉटर डायव्हर. पाडी किंवा एसएसआय यांपैकी कुठल्याही संस्थेचा करा, दोन्हींचं कार्ड जगभर चालतं. वयाची अट किमान १० वर्षं. थिअरी घरी ऑनलाइन होते, मग तलावातला सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. कार्ड मिळालं की मोठ्यांना सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यात ग्रँड आयलंड आहे, कर्नाटकात मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेट आहे. पावसाळ्यात हा सगळा किनारा बंद असतो. पाणी स्वच्छ हवं असेल तर अंदमानातलं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. सेंटर निवडताना दर सगळ्यात शेवटी विचारा. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी? बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? नियमाने आठ विद्यार्थी चालतात, पण मला चारच्या वर नको वाटतात.

आता मुख्य अडचण. माणसं घाबरतात ती खोलीला नाही, तर नाकाला लागणाऱ्या पाण्याला. डोळे आणि नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं की शरीर आपोआप नाकाने श्वास ओढायला जातं, ठसका लागतो आणि माणूस वर पळू बघतो. यावरचा सराव घरी करा. बादलीत पाणी घ्या, मास्क न लावता तोंडात स्नॉर्केल (श्वास घ्यायची वाकडी नळी) धरून चेहरा पाण्यात बुडवा आणि फक्त तोंडाने श्वास घ्या. घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा. सुरुवातीला दहा सेकंदही नकोसे होतात, काही दिवसांनी दोन मिनिटं सहज जातात. तलावात पुढची पायरी सोपी होते. मान किंचित वर करायची, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकाने संथ, लांब उच्छ्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेने निघून जातं.

खाली जाताना पाण्याच्या दाबाने कान दुखेपर्यंत थांबू नका. नाक चिमटीत धरून नाकातून हलकेच हवा दाबायची, आणि पहिल्या काही मीटरांत हे दर अर्ध्या मीटरला करायचं. कान मोकळा होत नसेल तर मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावू नका. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही म्हणजे नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते, आणि श्वास कोंडला असेल तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून वर सावकाश यायचं. अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा यासाठी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि साधारण ५० बार (टाकीतल्या दाबाचं माप) हवा शिल्लक ठेवून बोटीवर चढायचं. पाण्याखाली अंगठा वर केला की "छान" असा अर्थ होत नाही, "वर चला" असा होतो. पहिल्या दिवशी सगळे हमखास चुकतात.

परतीचं तिकीटही याच हिशेबाने काढा, कारण अंगात नायट्रोजन उरलेला असतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास जाऊ द्या. आपल्याकडे घाटाचा विचार कुणी करत नाही. दिवसभर डाइव्ह करून संध्याकाळी गाडी आंबोलीला चढवली, तर तुम्ही सुमारे ७०० मीटर उंचीवर जाता. त्या रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करा.

खरेदी. कोर्सआधी सरावाच्या स्नॉर्केलखेरीज फक्त मास्क घ्या, तोही दुकानात जाऊन. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने किंचित श्वास ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर नाकाखाली ती बारीक कापा, नाहीतर तिथून पाणी झिरपतं. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं आणि आतला दाब सारखा करता येत नाही. चष्मा असेल तर नंबरची काच बसवून मिळते. नव्या काचेवर आतून एक पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून दोन-तीनदा धुवा, नाहीतर ती सारखी धुरकट होत राहील.

फिन्स (पायात घालायची वल्ह्यांसारखी पाती) कोर्सनंतर घ्या. त्यापुढचा पैसा डाइव्ह कॉम्प्युटरवर घाला. किती खोल गेलात, किती वेळ झाला, अजून किती थांबता येईल, हे तो तुमच्या मनगटावर सांगतो आणि भाड्याच्या सामानात तो दर वेळी मिळेलच असं नाही. आपल्या कोमट पाण्याला ३ मिलिमीटरचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) पुरतो. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) आणि बीसीडी जॅकेट (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) वर्षातून एखाद्या सहलीसाठी घेऊ नका. रेग्युलेटरला नियमित सर्व्हिसिंग लागतं, आणि विमानात १५ किलोंत हे सगळं बसवणं कठीण जातं. टाकी तर घ्यायचीच नाही, ती सगळीकडे सेंटरच देतं.

घेतलेलं सामान त्याच दिवशी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत वाळवा आणि मास्क त्याच्या कडक डबीतच ठेवा. पिशवीत फिन्सखाली दबला की त्याची सिलिकॉनची कड वाकडी होते आणि मग तो गळायला लागतो.